सर्वाधिक गुणांची यादी: लेब्रॉन, करीम आणि वहीबाहेरचे

पॉइंटगार्ड

'आवडता खेळाडू' धाग्यावर कुणीतरी सहज विचारलं की एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, कारकिर्दीत सगळ्यात जास्त गुण कोणाचे. त्यावरून जी जुंपली, ती बघून संपादकांनी 'वेगळा धागा काढा' म्हणून सांगितलं. तर हा घ्या वेगळा धागा.

आधी यादी. ड्युरँट, हार्डन, करी ही मंडळी अजून खेळताहेत आणि आकडे दर आठवड्याला हलतात, म्हणून २०२४-२५ चा हंगाम संपला तेव्हाचे आकडे घेतोय. फक्त साखळी सामने, प्लेऑफ (साखळीनंतरच्या विजेतेपदाच्या लढती) धरलेले नाहीत.

लेब्रॉन जेम्स ४२,१८४
करीम अब्दुल-जब्बार ३८,३८७
कार्ल मलोन ३६,९२८
कोबी ब्रायंट ३३,६४३
मायकेल जॉर्डन ३२,२९२
डर्क नोवित्स्की ३१,५६०
विल्ट चेंबरलेन ३१,४१९
केव्हिन ड्युरँट ३०,५७१

एनबीएच्या हिशेबात तीस हजारांच्या वर हे एवढे आठच.

आता माझं म्हणणं. सर्वोत्तम कोण, हे या यादीतून कळत नाही. कोण किती वर्षं कामावर हजर राहिला आणि त्याची हजेरी कुठल्या मस्टरवर लागली, एवढंच कळतं. मलोनचं बघा. यूटामध्ये १८ हंगाम, आणि त्यात चुकवलेले सामने १०. अठरा वर्षांत दहा! शिवाय दर सामन्यात अंगावर माणसं घेऊन बास्केटखाली घुसायचं, फाउल मिळवायचा, त्याचे फ्री थ्रो (कुणी न अडवता टाकायचे, एकेका गुणाचे शॉट) टाकायचे. ९,७८७ फ्री थ्रो त्याने घातले, तेवढे आजवर कुणीच नाही. यूट्यूबवर मलोनचे व्हिडिओ रात्री जागून बघणारा माणूस मला अजून भेटायचाय. पण तिसऱ्या नंबरावर तो आहे, जॉर्डन पाचव्यावर.

१९६६ मध्ये विल्टने बॉब पेटिटला मागे टाकलं, तेव्हापासून आजतागायत पहिल्या जागेवर तीनच माणसं बसली आहेत: विल्ट, करीम, लेब्रॉन. करीमने विल्टला गाठलं ५ एप्रिल १९८४ ला, तेही लास व्हेगासमध्ये. सामना यूटा जॅझच्या 'घरचा', पण जॅझ त्या हंगामात गल्ल्यासाठी काही घरचे सामने व्हेगासला नेत असत. मॅजिक जॉन्सनचा पास, समोर सात फूट चार इंचांचा मार्क ईटन, आणि करीमने टाकला तोच, आयुष्यभर टाकला तो, स्कायहूक.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: करीम बास्केटला छाती दाखवतच नाही, खांदा दाखवतो. डावा हात कोपरात वाकवून मध्ये आडवा. उजवा हात चेंडू घेऊन खालून बाजूने वर जातो, पार डोक्यावर सरळ होतो आणि सगळ्यात उंच बिंदूवर मनगट वळतं. म्हणजे अडवणाऱ्याच्या आणि चेंडूच्या मध्ये सात फूट दोन इंचांचा अख्खा माणूस आडवा. उडी मारून काय अडवणार? करीमने हा शॉट वीस हंगाम वापरला. कारकिर्दीत त्याने थ्री पॉइंटर (दूरच्या रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा शॉट) घातला एक. एकूण एक.

त्याचा विक्रम जवळपास ३९ वर्षं टिकला. ७ फेब्रुवारी २०२३ ला लेब्रॉनला ३६ हवे होते. तिसरा क्वार्टर संपायला ११ सेकंदही उरले नसताना त्याने केनरिच विल्यम्सच्या डोक्यावरून, मागे झुकत शॉट मारला. सामना थांबवला, करीम खाली आला, त्याने चेंडू लेब्रॉनच्या हाती दिला. आपल्याकडे बुधवारची सकाळ होती, ऑफिसात लपूनछपून पाहणारे बरेच असणार. एवढं सगळं होऊन त्याचा संघ लेकर्स तो सामना ओक्लाहोमाकडून १३३-१३० असा हरले!

तुमचं मत मांडा. भांडण चालेल, पण आकड्यांनिशी.

सदाशिवपेठी

लेख माहितीपूर्ण. पण हा वाद आपल्याला नवा आहे का? सचिनच्या आंतरराष्ट्रीय धावा ३४,३५७. ब्रॅडमनची सरासरी ९९.९४. लेब्रॉन म्हणजे सचिन, जॉर्डन म्हणजे ब्रॅडमन. संपला विषय.

बेंचवॉर्मर

पहिल्याच प्रतिसादात क्रिकेट! मी तिसऱ्यावर पैज लावली होती.

ऋता_शिकागो

पेठी काका, जॉर्डनला ब्रॅडमन म्हणून तुम्ही त्याच्यावर उपकार केलेत असं वाटतंय, पण ते गणितात बसत नाही. जॉर्डनची सरासरी ३०.१२ आणि विल्टची ३०.०७. दुसऱ्या नंबराशी फरक दशांशाचा. ब्रॅडमनच्या आसपास कुणी फिरकलंय का?

बाकी पॉइंटगार्ड यांच्या 'मस्टर' सिद्धांताला माझा कडक विरोध. हजेरीच म्हणायची तर रॉबर्ट पॅरिश बघा. १,६११ सामने खेळून निवृत्त झाला. गुण किती? २३,३३४. करीमपेक्षा ५१ सामने जास्त आणि गुण पंधरा हजारांनी कमी. नुसतं टिकून चालत नाही हो.

पॉइंटगार्ड

पॅरिशचा मुद्दा बिनतोड. तरी मी उलट बाजूने विचारतो: तुमचा जॉर्डन पाचवा का?

ऋता_शिकागो

कारण तो मध्येच निघून गेला. १९९३ मध्ये वडिलांचा खून झाला, त्यानंतर तो बेसबॉल खेळायला गेला. १९९३-९४ चे सगळे ८२ सामने गेले, पुढच्या हंगामात शेवटचे १७ खेळला म्हणजे ६५ गेले. त्याआधी १९८५-८६ मध्ये पाय मोडला, तेव्हा ६४ गेले. झाले २११. त्याच्या सरासरीने ३० धरा, ६,३३०. मिळवा ३२,२९२ मध्ये. येतात ३८,६२२. करीमच्या वर! आणि यात १९९८ ते २००१ ही तीन वर्षं मी हातच लावलेला नाही.

गणिती

बेरीज बरोबर आहे, गृहीतक नाही. ते दीड वर्ष विश्रांती मिळाली नसती तर ९६, ९७, ९८ ची तीन विजेतेपदं त्याच पायांनी मिळाली असती का? ३० च्या आसपासची सरासरी ३४-३५ व्या वर्षी टिकली, त्यात त्या सुट्टीचा वाटा शून्य धरता येत नाही.

त्यापेक्षा विल्टचं गणित मला जास्त भुरळ घालतं, कारण तिथे सुट्टीबिट्टी काही नाही. माणूस मैदानावर उभा आहे, समोर कुणी अडवायला नाही, आणि शॉट जात नाहीये. विल्टला कारकिर्दीत ११,८६२ फ्री थ्रो मिळाले. त्यातले घातले ६,०५७. म्हणजे ५१ टक्के. ५,८०५ वाया! त्याने सत्तर टक्के घातले असते, जे काही फार थोर नाही, तर २,२४६ गुण वाढले असते. ३१,४१९ अधिक २,२४६ म्हणजे ३३,६६५. कोबीपेक्षा २२ गुण जास्त. सातव्याचा थेट चौथा.

बेंचवॉर्मर

२२ गुणांनी कोबीच्या पुढे! हे तुम्ही मागून गणित जुळवलंय.

गणिती

सत्तर ही मी निवडलेली गोल संख्या आहे. एकोणसत्तर घ्या, कोबी पुढे राहील. भांडू नका.

नागपुरी_तर्री

काहून भाऊ, विल्टच्या फ्री थ्रोवर उठले सगळे? त्याच माणसाने एका रात्री ३२ पैकी २८ घातले होते, ते कोण सांगन?

२ मार्च १९६२, हर्षी, पेनसिल्व्हेनिया. तेच चॉकलेटवालं गाव. समोर न्यूयॉर्क निक्स. प्रेक्षक ४,१२४. विल्टने मैदानातून ६३ पैकी ३६ घातले, फ्री थ्रो २८, झाले शंभर. फिलाडेल्फिया वॉरियर्स जिंकले १६९-१४७. टीव्हीवर नव्हता तो सामना. प्रसिद्धीचं काम पाहणारा हार्वे पोलॅक याने एका कागदावर '१००' लिहून विल्टच्या हातात दिलं, तो फोटो सगळ्यांनी पाहिला असेल.

आणि गंमत अशी की त्या हंगामात विल्ट फ्री थ्रो दोन्ही हातांनी खालून टाकायचा. गुडघ्याच्या मधून झोका दिल्यावानी. त्या हंगामात त्याचे ६१ टक्के गेले, त्याच्यासाठी तर विक्रमच. मग सोडून दिलं. का? तर बायकी दिसतं म्हणून! स्वतःच लिहून ठेवलंय त्याने. रिक बॅरी आयुष्यभर तसाच टाकत राहिला आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास राहिला. लाजेपायी माणूस किती गुण सोडतो, पाहा.

त्या हंगामाची सरासरी ५०.४. एकूण ४,०२९ गुण, एका हंगामात. सामना ४८ मिनिटांचा आणि विल्ट सरासरी ४८.५ मिनिटं खेळला. जादा वेळेचे सामने धरून. बसलाच नाही गडी.

सदाशिवपेठी

चित्रफीतच नाही म्हणता, मग शंभर झाले हे खरं कशावरून?

नागपुरी_तर्री

गुणपत्रक आहे, वर्तमानपत्रं आहेत, चौथ्या क्वार्टरचं रेडिओवरचं समालोचन ध्वनिमुद्रित आहे. अजून काय पाहिजे, सातबारा?

ऋता_शिकागो

सातबारा :))

पण विल्टबाबत एक विसरू नका. शेवटच्या वर्षांत लेकर्समध्ये त्याला प्रशिक्षक बिल शार्मनने रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडणं) आणि बचावच सांभाळायला सांगितलं. शेवटच्या हंगामात सरासरी १३.२ वर आली. पन्नासवरून तेरावर. विल्टने ठरवलं असतं तर आणखी दोन-तीन हजार गुण सहज केले असते. त्याआधी एका हंगामात तर त्याने 'मला फक्त गुणच करता येतात म्हणता काय' म्हणून संबंध लीगमध्ये सर्वाधिक असिस्ट (ज्यावर दुसऱ्याने बास्केट केली असे पास) करून दाखवले होते. असला हट्टी माणूस.

गणिती

आता करीम विरुद्ध लेब्रॉन. इथे एक योगायोग झालाय. करीम एकूण १,५६० सामने खेळला. २०२५ चा हंगाम संपला तेव्हा लेब्रॉनचे सामने किती? १,५६२. म्हणजे हजेरीपटावर दोघं सारखे. तरी लेब्रॉन ३,७९७ ने पुढे. पॉइंटगार्ड, तुमचा सिद्धांत इथे लंगडा पडतो.

पण थांबा. लेब्रॉनचे थ्री पॉइंटर अडीच हजारांच्या वर आहेत. प्रत्येकाचा तिसरा गुण बाजूला काढा. आघाडीतली दोन तृतीयांश तिथेच गेली. करीम १९६९ मध्ये आला तेव्हा एनबीएत ती रेषाच नव्हती, ती १९७९-८० पासून आली.

बेंचवॉर्मर

रेषा असती तरी करीमने मारले असते का? १८ प्रयत्न केले आणि १ घातला, असा माणूस आहे तो.

पॉइंटगार्ड

बेंचवॉर्मर, बरोबर. रेषेपेक्षा वयाचा फरक मोठा आहे. लेब्रॉन २००३ मध्ये ॲक्रनच्या शाळेतून थेट एनबीएत आला, अठराव्या वर्षी. करीम चार वर्षं यूसीएलएत, म्हणजे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात. त्या काळी पहिल्या वर्षाच्या मुलांना कॉलेजच्या मुख्य संघातही घेत नसत. पुढे १९६७ मध्ये कॉलेज बास्केटबॉलने डंकवर (उडी मारून चेंडू थेट रिंगमध्ये कोंबण्यावर) बंदीच घातली, सगळे म्हणतात याच्यामुळेच. एनबीएत आला तेव्हा बावीस वर्षांचा.

लेब्रॉनने पहिल्या चार हंगामांत ८,४३९ गुण केले. ती चार वर्षं करीमला मिळाली असती तर लेब्रॉनला २०२३ मध्ये कुणी चेंडू आणून दिला नसता, अजून धावत बसला असता. आणि आता लेब्रॉनचा रस्ताही बंद आहे, बरं का. २००६ पासून शाळेतून थेट येता येत नाही, किमान एकोणीस वर्षांचं व्हावं लागतं.

काळाचं म्हणाल तर, हल्ली गुण फुकट मिळतात अशी तक्रार असते. अर्धसत्य आहे. १९६१-६२ मध्ये एक संघ सामन्याला सरासरी ११८.८ गुण करायचा, म्हणजे विल्टच्या काळात आजच्यापेक्षाही जास्त. अलीकडचा तळ कधी होता माहितेय? १९९८-९९, ९१.६. आणि २००३-०४ मध्येही ९३.४ च. म्हणजे नेमका लेब्रॉनचा पहिला हंगाम! तो आला तेव्हा कोरडंच साल होतं, पाऊस नंतर पडला.

आणि मुळात २४ सेकंदांचं घड्याळ नसतं तर ही यादी जन्मालाच आली नसती. १९५० मध्ये फोर्ट वेनने मिनियापोलिस लेकर्सना हरवलं, गुण १९-१८. अख्ख्या सामन्यात! चेंडू नुसता धरून ठेवायचा. म्हणून १९५४ मध्ये सिरॅक्यूजचा मालक डॅनी बियासोन याने आकडेमोड करून घड्याळ आणलं. ४८ मिनिटांचे २,८८० सेकंद, चांगल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० शॉट, भागाकार २४. पोस्टाच्या पाकिटामागे बसेल एवढं गणित.

अनाहूत

सगळे एनबीए एनबीए करताय. धाग्याच्या शीर्षकात 'वहीबाहेरचे' लिहिलंय, त्यांच्याबद्दल धागाकर्ते एक अक्षर बोलले नाहीत. मग मीच बोलतो.

ऑस्कर श्मिट. ब्राझील. क्लब आणि राष्ट्रीय संघ मिळून कारकिर्दीत ४९,७३७ गुण असं जगभर मानतात. १९८० ते १९९६ पाच ऑलिंपिक, तिथे १,०९३ गुण. सोल ऑलिंपिकमध्ये सरासरी ४२.३, स्पेनविरुद्ध एका सामन्यात ५५. इटलीत कासेर्टाकडून बरीच वर्षं खेळला. त्या वेळी कोबीचे वडील इटलीतल्या लीगमध्ये खेळत होते आणि लहानगा कोबी या माणसाला डोळे फाडून बघायचा.

१९८४ मध्ये न्यू जर्सी नेट्सनी त्याला सहाव्या फेरीत निवडलं. हा गेलाच नाही. का? एनबीएत गेलं की देशाच्या संघातून खेळता येत नसे, तो नियम १९८९ मध्ये उठला. तीन वर्षांनी त्याने उत्तर दिलं, १९८७ ची पॅन अमेरिकन स्पर्धा, इंडियानापोलिस, अंतिम सामना. अमेरिकेच्या संघात डेव्हिड रॉबिन्सन, डॅनी मॅनिंग. मध्यंतराला अमेरिका १४ ने पुढे. शेवट ब्राझील १२०, अमेरिका ११५. ऑस्करचे ४६.

हा माणूस तुमच्या यादीत शून्य गुणांवर आहे. एनबीएत एक मिनिटही खेळला नाही ना!

सदाशिवपेठी

अनाहूत, उत्तम प्रतिसाद. यालाच स्वतंत्र धागा करा.

गणिती

ऑस्करबद्दल आदर आहे, पण तुलना करताना दोन्ही पारड्यांत सारखं टाका. त्याच्या ४९,७३७ मध्ये क्लबचं सगळं आणि राष्ट्रीय संघाचंही आहे. मग लेब्रॉनचे प्लेऑफ धरा. त्यात तो आठ हजारांच्या वर आहे, जॉर्डनचे ५,९८७ आणि करीमचे ५,७६२. साखळी आणि प्लेऑफ मिळून लेब्रॉन ४ मार्च २०२५ ला पन्नास हजारांवर गेला. शिवाय त्याचे ऑलिंपिकचे वेगळे.

पॉइंटगार्ड

आणि तरी काही गुण कुठेच जात नाहीत, हा माझा आवडता विषय. मे २०२१, प्ले-इन सामना (साखळी संपल्यावर प्लेऑफमधल्या शेवटच्या जागांसाठीचा), लेकर्स विरुद्ध वॉरियर्स. डोळ्यात बोट गेलेलं, लेब्रॉन नंतर म्हणाला की मला तीन बास्केट दिसत होत्या, मधल्यावर मारला. करीच्या समोरून ३४ फुटांवरून घातला, सामना जिंकला. तो थ्री पॉइंटर साखळीत नाही, प्लेऑफमध्येही नाही! प्ले-इनचा हिशेब वेगळाच ठेवतात. तसंच डिसेंबर २०२३ ची इन-सीझन स्पर्धा. अंतिम सामन्यात लेब्रॉनचे २४, अँथनी डेव्हिसचे ४१. बाकी फेऱ्यांचे गुण कारकिर्दीत धरले, अंतिम सामन्याचे नाही.

नागपाडा_जुना

त्या न्यायाने आमच्या मुंबईचेही गेले की! ऑक्टोबर २०१९, वरळीचा एनएससीआय डोम, पेसर्स विरुद्ध किंग्ज. एनबीएचा भारतातला पहिला सामना, पेसर्स जादा वेळेत १३२-१३१. दुसऱ्या रात्री १३०-१०६. दोन्ही पूर्वतयारीचे सामने. म्हणजे वरळीत पडलेले ४९९ गुण कुणाच्याच खात्यात नाहीत.

पहिल्या दिवशी स्टँड शाळेच्या पोरांनी भरला होता. पोरं दोन्ही संघांच्या प्रत्येक बास्केटला ओरडत होती, कोण कुठला याच्याशी घेणंदेणं नाही. आमच्या मस्तान तलावच्या कोर्टवर वाढलेल्या माणसाला ते बघून बरं वाटलं. एक तिकीट जादा होतं आणि जवळच्या मित्राने ऐनवेळी टांग दिली, त्याला अजून माफ केलेलं नाही.

शुभा_३

इतके प्रतिसाद झाले आणि एकाही बाईचं नाव नाही. 'व्यावसायिक बास्केटबॉल' म्हणजे पुरुषांचं, हे कुणी ठरवलं?

डायना टॉरासी. डब्ल्यूएनबीएत, म्हणजे बायकांच्या एनबीएत, १०,६४६ गुण, वीस हंगाम, सगळे फिनिक्स मर्क्युरीकडून. दहा हजार ओलांडणारी पहिली. ३ ऑगस्ट २०२३ ला अटलांटाविरुद्ध ओलांडले तेव्हा त्या रात्री ४२ गुण केले, वय ४१. ऑलिंपिक सुवर्णं सहा.

१०,६४६ हा आकडा ४२,१८४ शेजारी ठेवून कुणी नाक मुरडायच्या आधी सांगते: ती २००४ मध्ये आली तेव्हा हंगाम ३४ सामन्यांचा होता. पुरुषांचा ८२. वर सामना ४० मिनिटांचा, ४८ चा नाही. एकूण सामने ५६५. आणि पॉइंटगार्ड, तुमच्या मस्टरचं सगळ्यात चोख उदाहरण हेच आहे. २०१५ चा अख्खा हंगाम ती खेळलीच नाही. जखमी नव्हती. ती हिवाळ्यात रशियात एकातेरिनबुर्गकडून खेळायची, आणि त्या क्लबने सांगितलं की उन्हाळ्यात विश्रांती घे, त्याचे पैसे आम्ही देतो. डब्ल्यूएनबीएच्या पगाराच्या दहापटीहून जास्त तिकडे मिळत होते. कोण नाही म्हणेल? वर्षानुवर्षं रशियात केलेले गुण या आकड्यात नाहीत आणि न केलेले, २०१५ चे, तेही नाहीत.

ऋता_शिकागो

शुभा, +१००. एकातेरिनबुर्गचं माहीत नव्हतं.

बेंचवॉर्मर

आता गंभीर प्रश्न. लेब्रॉनला कोण मागे टाकणार? माझं मत लुका डॉन्चिच.

गणिती

हिशेब करा. दर सामन्याला २७ आणि वर्षाला ७० सामने, म्हणजे १,८९०. बेचाळीस हजारांना बावीस हंगाम लागतील. लुकाला ३० धरा, २,१००, तरी वीस हंगाम. त्याचे स्नायू बघता वीस हंगाम ७० सामने? आणि हल्ली खेळाडूंना विश्रांतीच्या नावाखाली इतकं बसवतात की २०२३-२४ पासून मोठ्या पुरस्कारांसाठी किमान ६५ सामन्यांची अट घालावी लागली. मलोन ऐकत असेल तर हसत असेल.

नागपुरी_तर्री

माझ्या डोक्यातून एक जात नाही. ४ डिसेंबर २०२५, टोरांटो. लेब्रॉनने जानेवारी २००७ पासून लागोपाठ १,२९७ सामन्यांत किमान दहा गुण केले होते. त्या रात्री झाले आठ. शेवटची सेकंदं, गुण बरोबरीत, चेंडू लेब्रॉनच्या हातात. मारला अन् गेला तर सामनाही जिंकला, मालिकाही चालू. त्याने पास दिला कोपऱ्यात रुई हाचिमुराला, त्याने थ्री घातला, लेकर्स जिंकले. लेब्रॉन आठवरच राहिला.

आता बोला, हा गुणांच्या मागे लागलेला माणूस आहे का? असिस्टही त्याचे साडेअकरा हजारांच्या वर आहेत, भाऊ.

ऋता_शिकागो

जॉर्डन असता तर मारला असता.

पॉइंटगार्ड

१९९७ च्या अंतिम मालिकेत स्टीव्ह करला कोणी पास दिला होता मग?

ऋता_शिकागो

एकदा. :-|

अनाहूत

अजून एक राहिला. ज्युलियस एरव्हिंग, डॉक्टर जे. एबीएत (एनबीएची त्या वेळची प्रतिस्पर्धी लीग) ११,६६२, एनबीएत १८,३६४, बेरीज ३०,०२६. १९७६ मध्ये एबीए बंद पडली, तिचे चार संघ एनबीएने घेतले: पेसर्स, स्पर्स, नेट्स, नगेट्स. संघ घेतले, खेळाडू घेतले, पुढे थ्री पॉइंटची रेषाही घेतली. गुण मात्र घेतले नाहीत. डंक पाहायला लोक ज्याच्यामागे गावोगाव फिरले, तो अधिकृत यादीत तीस हजारांच्या आसपासही दिसत नाही.

सदाशिवपेठी

मग त्याला ड्युरँटच्या खाली नववा घाला आणि मोकळे व्हा.

गणिती

एरव्हिंगला घातलं की मोझेस मलोनचेही एबीएचे धरावे लागतात, तो २९,५८० वर जातो. मग गर्विन, इसेल, रांगच लागते. असो, मी तक्ता करायला घेतलाय: साखळी, प्लेऑफ, एबीए आणि देशाबाहेरचे क्लब, चार रकाने. शुभा, टॉरासीचे रशियातले हंगामवार आकडे तुमच्याकडे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अनाहूत, ऑस्करचे ब्राझीलमधल्या क्लबांचे तुम्ही बघा. प्ले-इनला पाचवा रकाना हवा का, यावर पॉइंटगार्डनी निर्णय द्यावा.

पॉइंटगार्ड

हवाच. आणि वरळीचे ४९९ सहाव्यात.